वेगवान गाडीचे ब्रेक : सिरॅमिक की पोलादी?

महाग वस्तू म्हणजे हमखास सुरक्षित वस्तू, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते. वेगवान गाड्यांच्या ब्रेकच्या बाबतीत मात्र ते तपासून पाहायला हवे.

नवी गाडी घेताना लोक इंजिन किती ताकदीचे, शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते, एका लिटरमध्ये किती धावते, हे सारे विचारतात. ती थांबते कशी, हे विचारणारे थोडेच. पण जर्मनीतील पोर्शे कंपनीची ९११ सारखी गाडी घ्यायला जाणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. या गाडीच्या बहुतेक प्रकारांवर नेहमीचे ब्रेक मूळ किमतीत मिळतात. सिरॅमिकचे ब्रेक हवे असतील, तर अमेरिकेतल्या ग्राहकाला त्यासाठी हजारो डॉलर जास्त मोजावे लागतात. म्हणजे केवळ ब्रेकच्या पैशांत आपल्याकडे एक छोटी कौटुंबिक गाडी दारात उभी राहील! एवढे पैसे देऊन ग्राहकाला नेमके काय मिळते?

पोलादी म्हणतात, पण असते बिडाची

ज्यांना सर्रास पोलादी ब्रेक म्हटले जाते, त्यांची चकती खरे तर बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. आपल्या स्वयंपाकघरातला बिडाचा तवा ज्या जातीचा, त्याच जातीची. बीड स्वस्त असते, उष्णता भरपूर साठवते आणि झिजले तरी एकदम दगा देत नाही. म्हणूनच जगातल्या बहुतेक गाड्या याच चकत्यांवर थांबतात.

सिरॅमिक चकतीचा संबंधही चिनी मातीच्या कपबशीशी नाही. तिच्या पोटात कार्बनचे तंतू असतात. साच्यात दाबून तयार केलेल्या या चकतीत निर्वात भट्टीत सुमारे १,७०० अंश सेल्सियस तापमानाला वितळलेले सिलिकॉन मुरवले जाते. कार्बन आणि सिलिकॉन एकजीव होऊन सिलिकॉन कार्बाइड हा अत्यंत कठीण पदार्थ बनतो. काम वेळखाऊ असते आणि भट्टीचा खर्च मोठा. किमतीचे मूळ इथेच आहे. पोर्शेने २००१ साली ९११ जीटी२ या गाडीवर असे ब्रेक मूळचेच बसवले. पिवळ्या रंगाचे कॅलिपर ही त्यांची ओळख ठरली.

सारा खेळ उष्णतेचा

ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करत नाही, तो वेगाचे उष्णतेत रूपांतर करतो. दीड हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवली, की जवळजवळ दोन लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता निर्माण होते. वेग दुप्पट झाला, की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. ताशी २०० वरून थांबताना सात लिटर पाणी उकळेल आणि हे सारे अवघ्या काही सेकंदांत!

एकदा ब्रेक दाबला तर ही उष्णता वाऱ्याने निघून जाते. पण वळणामागून वळण आले आणि प्रत्येक वेळी जोरात ब्रेक लावावा लागला, तर चकती निवण्याआधीच पुन्हा तापते. पॅडची पकड ढिली पडते. उष्णता ब्रेक ऑईलपर्यंत पोहोचली, की ते उकळते आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत जात नाही. पेडल पोकळ होऊन खाली बसते.

सिरॅमिकचे खरे बळ इथे दिसते. बिडाची पकड जिथे डळमळू लागते, तिथेही तिची पकड टिकून राहते. शिवाय तेवढ्याच मापाच्या बिडाच्या चकतीपेक्षा तिचे वजन सुमारे निम्मे असते. चाकांजवळचे हे वजन उतरले, की खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला अधिक चिकटून चालते आणि गाडी वळणावर हलकी वाटते.

मग गाडी लवकर थांबते का?

बहुतेक ग्राहकांची फसगत होते ती याच प्रश्नावर. गाडी अखेर थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीमुळे. चांगल्या अवस्थेतले बिडाचे ब्रेक चाक जागीच थोपवण्याइतके जोरकस असतात. म्हणून तर चाक घसरू नये यासाठी एबीएस बसवलेले असते. ब्रेक जोरात दाबल्यावर एबीएसची थरथर पायाला जाणवली, तर समजावे की टायरची मर्यादा आली. त्यापुढे चकती सिरॅमिकची असो वा बिडाची, रस्त्यावर अचानक आडवे आलेले पोर वाचेल की नाही, हे टायर आणि चालकाची सावधगिरी ठरवते. एकाच वेळच्या ब्रेकमध्ये दोन्ही चकत्यांत फारसा फरक उरत नाही. फरक पडतो तो दहाव्या, पंधराव्या वेळी.

शर्यतीच्या ट्रॅकवर उलटा हिशेब

यावर कोणी म्हणेल, ज्याला ट्रॅकवर गाडी पळवायची आहे त्याने तरी सिरॅमिकच घ्यावे. पण खुद्द पोर्शेची ९११ जीटी३ ही ट्रॅकसाठीच नावाजलेली गाडी बिडाच्या ब्रेकवरच येते. सिरॅमिक हा तिथेही जादा पैशांचा पर्याय आहे. २०२१ च्या जीटी३ मध्ये पुढची बिडाची चकती ४०८ मिलिमीटरची, तर सिरॅमिकची ४१० मिलिमीटरची आहे. मापात जवळजवळ बरोबरीच!

कारण असे, की नेहमीच्या रस्त्यावर सिरॅमिकची चकती बिडापेक्षा कितीतरी अधिक टिकते, पण ट्रॅकवर तासन्तास तापत राहिली, की तिच्यातला कार्बन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू जळू लागतो. झिजलेल्या बिडाच्या चकत्या बदलणे परवडते. सिरॅमिकच्या एकेका चकतीला मात्र हजारो डॉलर पडतात. त्यामुळे ट्रॅकवर वरचेवर जाणारे काही हौशी चालक सिरॅमिकच्या चकत्या काढून घरी जपून ठेवतात, बिडाच्या बसवतात आणि गाडी विकताना पुन्हा मूळच्या लावून देतात.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हे ध्यानात ठेवायलाच हवे. बिडाच्या चकतीची झीज जाडीवरून कळते. सिरॅमिकच्या चकतीवर किमान वजनाचा आकडा कोरलेला असतो. ती काढून वजन केल्याशिवाय किंवा खास उपकरणाने तपासल्याशिवाय सौदा पक्का करू नये. गाडी स्वस्तात मिळाली म्हणून आनंद मानावा आणि पाठोपाठ चकत्यांचे बिल यावे, असे व्हायला नको.

पाऊस, धूळ आणि खडी

आपल्या हवामानात दोन्हींचे गुणदोष आणखी स्पष्ट होतात. पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या बिडाच्या चकतीवर एका रात्रीत तांबूस गंज दिसतो. सकाळी चार-सहा वेळा ब्रेक लावला, की तो पुसला जातो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बिडाच्या ब्रेकची काळी धूळ चाकांवर बसते ती वेगळीच. सिरॅमिकला गंज चढत नाही आणि धूळही फारच कमी पडते. पण चकती ओली किंवा थंड असेल, तर पहिल्या दाबाला पकड थोडी उशिरा येते, कधी कर्कश आवाजही होतो.

याहून मोठी भीती ठिसूळपणाची. टायर बदलताना चाकाचा धक्का लागला, तर सिरॅमिकच्या चकतीची कड उडू शकते. म्हणून अशा गाड्यांचे चाक चढवताना मार्गदर्शक खिळे लावून ते अलगद सरकवतात. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे हे खिळे असतीलच असे नाही. खडी पसरलेले रस्तेही या चकतीला मानवत नाहीत.

मधला मार्गही आहे

२०१७ साली पोर्शेने तिसऱ्या पिढीच्या कायेन गाडीसोबत एक नवा प्रकार आणला. यात चकती बिडाचीच, पण तिच्यावर टंगस्टन कार्बाइडचा अतिशय कठीण थर असतो. कंपनीच्या म्हणण्यानुसार धूळ सुमारे ९० टक्के कमी पडते आणि चकती ३० टक्क्यांपर्यंत अधिक टिकते. विजेच्या गाड्यांनी तर प्रश्नाचे रूपच बदलले आहे. २०१९ साली आलेल्या टायकानमध्ये रोजच्या वापरातले सुमारे ९० टक्के ब्रेकिंग मोटरच करते, असे पोर्शे सांगते. चकतीला काम उरते ते थोडेच.

निवड कशी करावी?

गाडी मुख्यतः शहरात आणि महामार्गावर चालणार असेल, तर सुरक्षिततेसाठी सिरॅमिकची गरज नाही. हलकेपणा, स्वच्छ चाके आणि हौस यासाठी पैसे मोजायची तयारी असेल, तर ते जरूर घ्यावेत. पण आपण मुलाबाळांसाठी अधिक सुरक्षितता विकत घेतली, अशी समजूत करून घेऊ नये. ट्रॅकवर वरचेवर जाणाऱ्याने बिडाचे ब्रेक, उत्तम पॅड आणि ताजे ब्रेक ऑईल यांवर भर द्यावा. अधूनमधून वेगाची हौस भागवणाऱ्या आणि पुढचा खर्च झेपणाऱ्या माणसाला सिरॅमिक शोभून दिसते.

साध्या गाडीवाल्यांनाही यात बोध आहे. बाजारात सिरॅमिक पॅड म्हणून जे मिळते, ते केवळ पॅडच्या मिश्रणाचे नाव आहे. त्याने चकती सिरॅमिकची होत नाही. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते आणि जुने झाले की कमी तापमानाला उकळते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनालाच वेग आवरू द्यावा. लायनर जळल्याचा वास येऊ लागला, तर सुरक्षित जागी गाडी उभी करून ब्रेक निवू द्यावेत.

या सगळ्याचा खर्च सिरॅमिकच्या एका चकतीच्या मानाने नगण्य आहे. पण ऐन वेळी गाडी थांबणार की नाही, हे बहुतेक वेळा याच गोष्टींवर ठरते.