एकटीचा डाव

मैत्रिणींनो, दुपारचे अडीच वाजलेत. जेवणं उरकलीत, ओटा पुसून झालाय, मुलं शाळेत आहेत आणि सासूबाई जरा पडल्या आहेत. अशा वेळी तुम्ही काय करता? खरं सांगा हं! कुणी तांदूळ निवडत असेल, कुणी मोबाईल हातात घेऊन आडवी झाली असेल. मी मात्र या वेळी खोलीचं दार लोटून घेते आणि खाणावळ चालवते! दचकू नका. खाणावळ खेळातली आहे, आणि खेळणारी मी एकटीच.

त्याचं असं झालं. माझं माहेर नांदेडचं आणि सासर लातूरचं. सकाळी एका शाळेत तासिकेवर मराठी शिकवते नि बाराच्या आत घरी येते. भाऊबीजेला माहेरी गेले, तेव्हा पुण्याला शिकणाऱ्या भाच्यानं एक भलाथोरला खोका उघडला. आत फासे, पत्ते आणि जोडून ठेवायचे पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे. खेळाचं नाव ‘द टॅव्हर्न्स ऑफ टिफेंथाल’. वोल्फगांग वार्श या गृहस्थांनी रचलेला, २०१९ साली बाजारात आलेला. जुन्या काळच्या एका युरोपी गावातली खाणावळ आपण चालवायची, असा तो खेळ. जाताना भाचा म्हणाला, “आत्या, होस्टेलवर हा पसारा मांडायला जागा नाही. तूच घेऊन जा.”

लातूरला आणला खरा, पण खेळणार कुणाबरोबर? हे म्हणाले, “आकडेमोड ऑफिसात पुरे झाली.” मुलांना इतका वेळ एका जागी बसवेना. शेवटी एका दुपारी मी एकटीनंच डाव मांडला.

खेळ आठ फेऱ्यांचा. आपल्या पुढ्यात आपली खाणावळ. टेबलं भरेपर्यंत पत्ते उलटायचे. कधी गिऱ्हाईक येतं, कधी वाढपी, कधी भांडी घासणारी. मग फासे टाकून कोणता आकडा कुठे लावायचा ते ठरवायचं. मिळालेल्या पैशांतून नोकर ठेवा, नाहीतर टेबल वाढवा. मूळ खेळात तिथं बिअर विकतात. आमच्या घरी सासूबाई माळकरी! म्हणून मी बिअरचं ताक करून टाकलं. ताक जास्त झालं की मोठी मोठी पाहुणेमंडळी खाणावळीकडे वळतात आणि शेवटी गुण वाढतात.

आता एकटीनं कसं खेळायचं ते सांगते. हा खेळ मुळात मिळून खेळायचा. प्रत्येकानं चार फासे टाकायचे, त्यातला एक उचलायचा नि उरलेले शेजाऱ्याकडे सरकवायचे. एकटीला शेजारी कुठला? म्हणून मी चार फासे टाकते, एक ठेवते, उरलेले तीन पुन्हा टाकते, त्यातला एक ठेवते. असं चारही संपेपर्यंत. आठ फेऱ्या झाल्या की गुण मोजून वहीत तारखेसह लिहिते. पुढच्या वेळी स्पर्धा माझी माझ्याशीच. नियम एकच : पडलेला फासा हळूच उलटा करायचा नाही. बघायला कुणी नसतं, म्हणूनच तो पाळायला कठीण!

असले परदेशी खेळ महाग असतात. ते विकत घ्याच, असं मी म्हणणार नाही. घरात पत्त्यांचा जोड असेल तर पेशन्स लावा : सात ओळींत अठ्ठावीस पत्ते, बाकीचे चोवीस हातात. नाहीतर ब्रेनव्हिटा आणा. तेहतीस खळगे, बत्तीस गोट्या, मधला खळगा रिकामा. उड्या मारत गोट्या उचलत जायच्या आणि शेवटची नेमकी मधोमध आणायची. दिसतं सोपं, पण संध्याकाळच्या चहाचा विसर पाडतं.

खरी अडचण खेळाची नसतेच. अडचण आपल्या मनाची. आपण वाचत असलो तर आपल्याला अपराधी वाटत नाही, स्वेटर विणत असलो तर मुळीच नाही. पण बाईमाणसानं दार लावून एकटीनं खेळत बसायचं? आपल्या मराठवाड्यातच, वेरूळच्या लेण्यांत, शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. जगन्मातेला खेळायला सवड होती, पण तिला जोडीदार होता. आपण जोडीदाराची वाट बघत बसलो तर केस पांढरे व्हायचे!

हे मी आज म्हणतेय. तेव्हा मात्र जिन्यावर पाऊल वाजलं की मी फासे पदराखाली झाकत होते.

एकदा पकडले गेले. सासूबाई दार ढकलून आत आल्या. “काय करायलीस गं दार लोटून? फासे?” घरात जुगार आला की काय, असा त्यांचा चेहरा. मी घाबरून म्हटलं, “आई, खाणावळ आहे ही. खेळातली.”

इथं तुम्हाला सांगायला हवं. आमच्या लातूरला ‘लातूर पॅटर्न’चं नाव झालं आणि गावोगावची मुलं शिकायला येऊ लागली. घरोघरच्या बायकांनी त्यांच्यासाठी मेस काढल्या, डबे दिले. सासऱ्यांची नोकरी सुटली, तेव्हा सासूबाईंनीही ओसरीवर पंगत मांडली. बावीस मुलं, दोन्ही वेळा, चौदा वर्षं.

त्या खाली बसल्या. एकेक पत्ता डोळ्यांजवळ धरून बघू लागल्या. “ही कोण?”

“भांडी घासणारी. हिला ठेवलं की फाशावरचा आकडा एकानं वाढतो.”

त्या जराशा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्या मेसमधे मीच होते की गं ही. सैपाकीण मी, वाढपी मी. तुझे सासरे पावण्यांना सांगायचे, हिला काय काम, दोन पोळ्या जास्तीच्या लाटती. माझा आकडा कुणी मांडला न्हाई.”

मला काय बोलावं ते सुचेना. लग्नाला बारा वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि ती ऐकायला एक पुठ्ठ्याची खाणावळ मधे यावी लागली.

मी म्हटलं, “आई, खेळता का माझ्याबरोबर?”

“नगं बाई. आता कुणाला जेवू घालायचं न्हाई मला, खेळातबी न्हाई,” म्हणून त्या हसल्या. “तू खेळ. अर्धा घंटा तुझा तुला असू दे. मला कुठं भेटला व्हता?”

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता मी डाव मांडला, तोच बाहेर फोन वाजला. ह्यांचा होता. सासूबाईंनी उचलला. माझी चौकशी झाली असावी, कारण त्यांचं उत्तर मला दारातून स्वच्छ ऐकू आलं : “ती कामात हाय. मागून कर.”

आणि खोलीचं दार त्यांनी बाहेरून हळूच ओढून घेतलं.

मैत्रिणींनो, त्या दिवशी मी फार वाईट खेळले. वहीत तो आकडा सगळ्यांत कमी आहे. पण त्या पानाचा कोपरा मी मुद्दाम दुमडून ठेवलाय. तुम्हीही एखादी वही घाला. आणि घरात कुणी मोठी बाई असेल, तर एकदा तिचाही आकडा विचारा.