डबा बाळाचा, चॉइसही बाळाचा!

बाळ नुकतंच स्वतःच्या हातानं रताळं खायला लागलंय आणि तेवढ्यात तुमची रजा संपली! घरी जमलेला हा फंडा पाळणाघरात जमेल? जमेल की. फक्त काकूंना आधी विश्वासात घ्या.

सकाळी भांडुपच्या स्टेशन रोडवर एक नजर टाका. एका खांद्यावर लॅपटॉप, दुसऱ्यावर बाळ आणि पिशवीत दोन डबे. एक ऑफिसचा, एक पाळणाघराचा. पहिल्या डब्याचं टेन्शन कुणालाच नसतं. खरा प्रश्न असतो तो दुसऱ्याचा.

त्याला कारण आहे रजेचं गणित. 2017 मध्ये कायदा बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठीची भरपगारी प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. 26 आठवडे म्हणजे सहा महिने. जागतिक आरोग्य संघटना वरचं अन्न सुरू करायला सांगते, तेही सहा महिने पूर्ण झाल्यावरच! त्यात रजेचे आठ आठवडे बाळंतपणाआधीच घेतले असतील, तर आई कामावर जाते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. म्हणजे बाळाचं खाणं शिकण्याचे दिवस आणि आईचे ऑफिसचे पहिले दिवस हमखास एकमेकांवर आदळतात. त्याच बदलानं 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ऑफिसांना पाळणाघराची सोय करायला सांगितलं. पण बाळाला कडेवर घेऊन लोकलच्या गर्दीत शिरायचं कुणी? त्यापेक्षा घराजवळच्या काकू बऱ्या!

फंडा काय आहे?

बेबी-लेड वीनिंग म्हणजे बाळाला पेस्ट भरवायची नाही. मऊ शिजवलेल्या अन्नाचे बोटाएवढे तुकडे समोर ठेवायचे. काय उचलायचं, किती खायचं आणि कधी थांबायचं, हे बाळ ठरवणार. ब्रिटनमधल्या हेल्थ व्हिजिटर गिल रॅप्ली यांनी ट्रेसी मर्केट यांच्यासोबत 2008 मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि हे नाव जगभर पोचलं. आपल्याकडे उष्टावण झाल्यावर आजी बाळाच्या हातात भाकरीचा तुकडा द्यायचीच. पण काऊ-चिऊचे घास किती, हे मात्र तीच ठरवायची. इथे तो हक्क बाळाकडे जातो, एवढाच फरक.

काकूंची बाजूही ऐका

आता काकूंच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सांभाळायला पाच-सहा पोरं, मदतीला एखादी मावशी आणि त्यात तुमचं बाळ भोपळा केसांना फासतंय. संध्याकाळी तुम्ही विचारणार, 'काय खाल्लं आज?' रिकामा डबा दाखवणं त्यांना सोपं वाटतं, म्हणून चमचा हातात येतो. शिवाय परक्याच्या बाळाला ठसका लागला तर? ही भीती अगदी खरी आहे.

म्हणून दोन गोष्टींतला फरक दोघींनाही माहीत हवा. घास पुढे आला की बाळ खोकतं, उबळ काढतं, चेहरा लाल होतो. यात आवाज असतो आणि बहुतेक वेळा बाळ तो घास स्वतःच बाहेर ढकलतं. घास खरंच अडकला तर आवाज बंद होतो, रडता येत नाही, ओठ निळे पडतात. अशा वेळी बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर पाच थापा. उपयोग नाही झाला तर उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. हे आळीपाळीनं चालू ठेवायचं आणि दुसऱ्यानं लगेच 108 फिरवायचा. डॉक्टरांकडून हे शिकून घ्यायला काकूंनाही सोबत न्या.

न्यूझीलंडमध्ये सुमारे 200 बाळांचा अभ्यास झाला, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. पालकांना नीट माहिती दिलेली असताना, हातानं खाणाऱ्या बाळांमध्ये घास अडकण्याचं प्रमाण चमच्यानं खाणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं नाही. पण दोन्ही गटांतल्या बऱ्याच बाळांना धोकादायक पदार्थ दिले जात होते! म्हणजे हात की चमचा यापेक्षा ताटात काय आहे, ते महत्त्वाचं.

थोडं तुमचं, थोडं काकूंचं

डाळ-भात चमच्यानं भरवला म्हणून काही बिघडत नाही. आग्रह धरा तो तीनच गोष्टींचा. बाळ ताठ बसलेलं हवं, समोर कुणीतरी लक्ष ठेवून हवं आणि तोंड फिरवलं की जेवण संपलं. जबरदस्ती नाही. बाकी सांडासांडीचा कार्यक्रम घरी, रात्री आणि वीकएण्डला. पोट किती भरलं याचा फार धसका नको. या वयात मुख्य आहार दूधच असतो. बाळ आधाराशिवाय नीट बसत नसेल किंवा वेळेआधी जन्मलेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

डब्यासाठी टिप्स

* काय द्याल : उकडलेलं रताळं, लाल भोपळा, पिकलं केळं, मऊ इडली. लोहासाठी पूर्ण शिजलेलं अंडं, काटे नीट काढलेला मासा, घट्ट डाळ.
* टेस्ट : बोटांच्या चिमटीत सहज दबलं तरच डब्यात.
* काय टाळाल : शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, कच्च्या सफरचंदाच्या फोडी. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, मीठ-साखरही नको.
* मुंबईचा उकाडा : शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. पोचताच डबा फ्रिजमध्ये.
* नवा पदार्थ : आधी घरी, सुट्टीच्या दिवशी. मगच पाळणाघरात.
* ट्रायल : रजा संपायच्या दोन आठवडे आधी काकूंकडे एक जेवण सुरू करा. पहिले दोन दिवस तुम्हीही शेजारी बसा.