मीटर हातात (भाग ६) : सकाळी चालतं, दुपारी अडतं

मागच्या भागात ओहमचा नियम झाला. १८२७ साली गेओर्ग ओहमने मांडलेला हा नियम शाळेत सगळेच घोकतात. पॅनेलचं दार उघडल्यावर मात्र तो थोड्यांनाच आठवतो.

चिकलठाणा एमआयडीसीतली एखादी पत्र्याची शेड धरा. २४ व्होल्ट डीसीच्या कंट्रोल सर्किटमध्ये पुशबटनाचा कॉन्टॅक्ट आणि रिलेची कॉइल सिरीजमध्ये. मशीन सकाळी बिनतक्रार चालू होतं, दुपारी रिले ओढतच नाही. रिले बदलून होतो, नवाही तसाच रुसतो.

सकाळीच, बटन दाबून धरून व्होल्टेज मोजा. सप्लायवर २४, कॉइलच्या दोन टोकांवर १९.५. मग ४.५ व्होल्ट गेले कुठे? प्रोब बटनाच्या कॉन्टॅक्टवर लावा, तिथे सापडतील. दाबलेल्या चांगल्या कॉन्टॅक्टवर जवळजवळ शून्य यायला हवं. कॉइल ६५० ओहमची असेल तर करंट १९.५ भागिले ६५०, म्हणजे ३० मिलिअँपिअर. सिरीजमध्ये तोच करंट कॉन्टॅक्टमधूनही जातो, ४.५ भागिले ०.०३, म्हणजे १५० ओहम. काजळी धरलेला कॉन्टॅक्ट वायर न सोडवता पकडला गेला.

पण दुपारीच का अडतं? उन्हाळ्यात शहराचं म्हणून जे तापमान छापून येतं, ते चिकलठाणा वेधशाळेतलं. तिथे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखालच्या पॅनेलची काय कथा! तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना ६५० असलेली कॉइल ४५ अंशांना ७१५च्या आसपास जाते. गंमत अशी, की कॉइलवरचं व्होल्टेज उलट किंचित वाढून १९.८ होतं, पण करंट २८ मिलिअँपिअरवर उतरतो. रिलेला ओढतो तो करंट. असे रिले साधारण ८० टक्के व्होल्टेजला ओढतील एवढीच हमी असते. थंड कॉइलच्या हिशेबाने ते साडेएकोणतीस मिलिअँपिअर होतात. नुसतं व्होल्टेज पाहणारा इथे हमखास फसतो.

कॉइलला पॅरलल इंडिकेटर असेल, तर कॉन्टॅक्टमधून दोघांच्या करंटची बेरीज वाहते. हिशेब त्या बेरजेवर करा.

ओहमवर मोजायचं झालं तर सप्लाय बंद हवाच, शिवाय कॉन्टॅक्टची एक वायर टर्मिनलमधून सोडवा. नाहीतर मीटरचा करंट कॉइल आणि सप्लायमधून वळसा घालून येतो आणि १५०च्या जागी कमी आकडा दिसतो.

करंट मीटरनेच पाहायचा असेल, तर सप्लाय बंद करून वायर तोडा आणि मीटर सिरीजमध्ये घाला. साधा एसी क्लॅम्प मीटर इथे कामाचा नाही, तो डीसी दाखवत नाही. मोजून झालं की लाल प्रोब अँपिअरच्या सॉकेटमधून काढून लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावा. तो तिथेच राहिला आणि पुढचा माणूस व्होल्टेज मोजायला गेला, तर मीटर म्हणजे थेट शॉर्ट. २४ व्होल्टला बहुधा फ्यूजवर भागतं. ४१५च्या बसबारवर नाही.