जुन्या ट्रॉलीचा जीर्णोद्धार

दसऱ्याच्या दिवशीं शेतकऱ्याच्या घरीं ट्रॅक्टरला हार पडतो, त्याच्या चाकाखालीं लिंबू ठेवितात, मुलें त्यावर चढून बसतात. परंतु त्याच्या मागें वर्षभर निमूटपणें ओझें वाहणारी ट्रॉली कोणाच्या खिजगणतींतहि नसते. ती गोठ्यामागें उन्हापावसांत उभी असते, तिच्या तळांत शेणखताचा थर वाळलेला असतो, आणि एके दिवशीं भर रस्त्यावर तिचा मागचा फाळका निखळून पडला म्हणजे मगच कर्त्या माणसांस तिची आठवण होते. आमच्या घरीं असेंच झालें. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. परंतु त्या निमित्तानें ट्रॉलीचें काय करावयाचें हा प्रश्न घरांत निघाला, आणि तो सोडवितांना ज्या गोष्टी आम्हांस पाहावयास व शिकावयास मिळाल्या, त्या आमच्यासारख्या इतर कुटुंबांस उपयोगीं पडतील म्हणून येथें लिहीत आहों.

आमचें विसरवाडी गांव नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यांत, सुरतेहून धुळ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. पूर्वीं या मार्गाचा क्रमांक ६ होता, हल्लीं ५३ आहे. धुळ्याच्या बाजूस कोंडाईबारीचा घाट, दुसऱ्या बाजूस नवापूर व त्यापलीकडे गुजराथची हद्द. या रस्त्यावर मालमोटारींचा ओघ रात्रींहि खंडत नाहीं. हंगामांत आमच्या भागांतील ऊंस डोकारे येथील आदिवासी सहकारी साखर कारखान्याकडे जाऊं लागला म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचीहि त्यांत भर पडते, आणि कारखान्यावर नंबर केव्हां लागेल याचा नेम नसल्यामुळें परतीचा प्रवास पुष्कळदां मध्यरात्रीं होतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा संबंध येणार आहे.

ट्रॉली आमच्या थोरल्या बंधूंनीं १९९४ सालीं घेतलेली. धाकट्या मंडळींचें मत पडलें कीं ती भंगारांत द्यावी. परंतु नवी घ्यावयाची म्हणजे लाखाच्या वरची गोष्ट, आणि एका कुटुंबाच्या मिळकतींतून त्याच वर्षीं एक लग्न व एकाचें कॉलेजचें शिक्षण निघावयाचें होतें. शेवटीं बंधूंनीं बारा हजार रुपयांची मर्यादा घालून दिली व हिशेबाची वही आमच्या हातीं दिली. मंडळी रंग कोणता असावा याविषयीं वाद घालूं लागली, तेव्हां वहिनी स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाल्या, “भावोजी, रंग दिवसा दिसतो, ट्रॉली रात्रीं चालते. आधीं मागच्या दिव्यांचें बघा.” ट्रॉली त्यांचाच मुलगा हांकतो. त्या एका वाक्यानें कामाचा क्रम ठरून गेला. आधीं सांगाडा व चाकें, मग दिवे, आणि उरल्या पैशांत रंग!

बाजारांतून मडकें घेतांना तें वाजवून घ्यावें, हें आमच्या बायकांस कोणी शिकवावें लागत नाहीं. लोखंडाचीहि परीक्षा तशीच आहे. हातोडीनें हलकेच ठोकीत गेलें असतां निरोगी पत्र्याचा आवाज खणखणीत येतो; गंजानें पोखरलेला पत्रा बद्द वाजतो, व कांहीं ठिकाणीं हातोडी आरपारहि जाते. अशा रीतीनें खडूनें खुणा केल्यावर असें दिसून आलें कीं ट्रॉलीच्या बाजू पुष्कळ चांगल्या आहेत; रोग आहे तो तळाच्या कोपऱ्यांत, फाळक्याच्या बिजागऱ्यांशीं आणि चासीच्या आडव्या पट्ट्या जेथें जोडल्या आहेत त्या सांध्यांत. जेथें माती सांचते तेथें ओल राहते, आणि जेथें ओल तेथें गंज. त्यांत रासायनिक खत सांडलेलें असलें म्हणजे विचारूंच नये. खतांतील क्षार हवेंतील दमट ओढून घेतात व लोखंड खाण्याचें काम उन्हाळ्यांतहि चालू ठेवतात. खत उतरविल्यावर दोन बादल्या पाणी तळांत ओतून तो धुवून टाकणें हा सर्वांत स्वस्त रंग होय.

लोखंडास हवा व पाणी हीं दोन्ही एकदम मिळालीं कीं गंज चढतो; दोहोंपैकीं एक तोडणें एवढेंच रंगाचें काम. परंतु गंज हा मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळें गंजावरच रंग फासला तर खालचा गंज फुगत राहतो व वरील रंगाचा पापुद्रा उचलून फेकून देतो. दिल्लीस कुतुबमिनाराजवळ लोहस्तंभ उभा आहे. त्यावर चन्द्र नांवाच्या राजाचा संस्कृत लेख आहे, आणि सुमारें सोळाशें वर्षें उघड्यावर राहूनहि तो शाबूत आहे. कानपूरच्या आय. आय. टी. मधील आर. बालसुब्रमण्यम् यांनीं दाखवून दिलें कीं त्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण अधिक असल्यामुळें त्यावर एक पातळ संरक्षक पटल आपोआप तयार झालें आहे. आपल्या ट्रॉलीच्या लोखंडास तें भाग्य नाहीं. आयुर्वेदांत जुन्या लोहकिट्टास मंडूर म्हणतात व पांडुरोगावर त्याचें भस्म देतात. रसग्रंथकार तर शंभर वर्षांचें किट्ट उत्तम मानतात. आमचे एक पुतणे हें ऐकून म्हणाले कीं मग आपण ट्रॉली वैद्यांसच विकूं या! पण तिला अजून सत्तर वर्षें अवकाश होता.

आतां एका महत्त्वाच्या गोष्टीकडे वळूं. आपल्याकडे मारुतीला तेलांत कालवून लावितात तो शेंदूर म्हणजे परंपरेनें शिशाचेंच एक प्राणिद. हाच शेंदूर जवसाच्या तेलांत खलून लोखंडावर पहिला हात म्हणून देण्याची चाल जगभर होती, आणि गंजापासून रक्षण करण्यांत तो खरोखरच उत्तम होता. परंतु शिसें हें विष आहे, व तें लहान मुलांच्या मेंदूस सर्वांत अधिक बाधतें. घरगुती व शोभेच्या रंगांत शिसें दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक असूं नये असा नियम आपल्या सरकारनें २०१६ सालीं केला व तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्यापूर्वींच्या रंगांत तें किती असेल याचा भरंवसा नाहीं. आमच्या ट्रॉलीवर तर जुन्या रंगाचे तीन थर होते. असा रंग कोरडा घांसला तर त्याची धूळ अंगणांत, वाळत घातलेल्या धान्यावर, रांगत्या मुलांच्या हातांवर बसते.

म्हणून आम्हीं घासकाम घराजवळ होऊं दिलें नाहीं. ट्रॉली शेतांत नेली, खालीं ताडपत्री अंथरली, पत्रा पाण्यानें भिजवून मगच पॉलिशपेपर चालविला, आणि घांसणाऱ्यांनीं तोंडावर मुखपट्टी बांधली. विजेवर फिरणारें ग्राइंडर घेतलें असतें तर काम एका दिवसांत झालें असतें. हातानें चार दिवस लागले. निघालेला खरवडा गोळा करून पिशवींत बंद केला. तो विहिरीच्या कांठीं किंवा बांधावर टाकणें योग्य नव्हे. काम करणाऱ्यांचे कपडे निराळे धुतले. वहिनींचा नातू त्या वेळीं दीड वर्षांचा होता. त्यास त्या आठवड्यांत शेतावर नेण्याची मनाईच होती.

घांसून झाल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें ग्रीसचा ओशटपणा काढला, स्वच्छ पाण्यानें धुवून पत्रा उन्हांत कडकडीत वाळविला. लहानसहान नट, बोल्ट व हुकाची पिन हीं चिंचेच्या कोळांत रात्रभर भिजत घातलीं. चिंचेनें तांब्यापितळेचीं भांडीं उजळतात हें सर्वांस ठाऊक आहे. लोखंडाचा गंजहि ती सोडविते, मात्र नंतर तें लगेच धुवून, पुसून, तेलाचा हात द्यावा, नाहीं तर तासाभरांत पुन्हां तांबूस होतें. सडलेल्या कोपऱ्यांत गांवांतील वेल्डरनें नवा पत्रा जोडला, आणि त्या कोपऱ्यांत पाणी सांचूं नये म्हणून एक एक भोंक ठेवविलें. हें भोंक ठेवण्याची कल्पना त्याचीच, व ती आम्हांस फार आवडली.

दुकानदार सर्वत्र जो तांबडा प्राइमर देतात त्यांत पुष्कळदां झिंक क्रोमेट असतें. तेंहि आरोग्यास अपायकारक व कर्करोगास कारण होणारें आहे. थोडे अधिक पैसे देऊन झिंक फॉस्फेटचा प्राइमर मागून घ्यावा. किती रंग लागेल याचें गणित आम्हीं घरांतील मुलांस घातलें. ट्रॉली दहा फूट लांब, सहा फूट रुंद, बाजू दोन फूट उंच. तळ दोन्ही अंगांनीं १२० चौरस फूट, चारी बाजू दोन्ही अंगांनीं १२८, चासी वगैरेसाठीं अंदाजें ५० धरले म्हणजे सुमारें ३०० चौरस फूट, अर्थात् २८ चौरस मीटर. एका लिटरांत आठ ते दहा चौरस मीटर होतें. तेव्हां एका हातास तीन लिटर, दोन हातांस सहा. वरचा इनॅमल रंग तळास आंतून देण्यांत अर्थ नाहीं, कारण मुरूम व ऊंस यांनीं तो महिन्याभरांत खरवडून जातो. तेथें प्राइमरच पुरे, तो दरवर्षीं नवा द्यावा. त्यामुळें इनॅमल पांच लिटरांत भागलें. मुलांनीं उत्तर बरोबर काढलें, पण टर्पेंटाईन कोणीच धरलें नाहीं.

ऊंस संपून पाऊस येईपर्यंतचे एप्रिल-मे हेच दिवस या कामास मिळतात. परंतु वैशाखांतील दुपारीं पत्रा इतका तापतो कीं रंगाची साय लगेच धरते व ब्रशाच्या रेघा उमटतात. पहांटे दंव नाहींसें झाल्यावर सुरू करून नऊ-साडेनऊपर्यंत थांबावें. एक जाड हात देण्यापेक्षां दोन पातळ हात नेहमीं बरे. कोणी जवसाचें तेल वापरीत असतील तर त्यांनीं तेलकट चिंध्या बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यांत बुडवून ठेवाव्या.

चाकांचें काम रंगापूर्वींच झालें होतें. जॅकवर चढविलेल्या ट्रॉलीखालीं कोणी कधींहि शिरूं नये. आंसाखालीं जाड लांकडी ठोकळे देऊन मगच चाक काढावें. हब उघडलें तेव्हां ग्रीस काळें व पाणचट झालेलें निघालें. याचें कारण समजण्यासारखें आहे. पाश्चात्य देशांत पुष्कळ कुटुंबें आपली लहान होडी अंगणांत ठेवतात व सुटीच्या दिवशीं दोन चाकांच्या लोखंडी गाड्यावर घालून मोटारीमागें तळ्यावर नेतात. होडी उतरवितांना गाडा मागें मागें पाण्यांत घालावा लागतो. चालून तापलेलें हब थंड पाण्यांत बुडालें कीं आंतील हवा आकुंचन पावते व सीलच्या फटींतून पाणी आंत ओढलें जातें. म्हणून ते लोक हबवर कमानीची टोपी बसवितात. ती ग्रीस सतत आंत दाबून धरते. आमची ट्रॉली होडी नेत नाहीं. पण पावसाळ्यांत नाले ओलांडतांना तिच्या हबांची हीच गत होते. तापीवरील उकाई धरण १९७२ सालीं झालें, त्याचा फुगवटा आमच्या तालुक्यापर्यंत येतो. त्या पाण्यावर कोणी ट्रॉलींतून होडी नेत असेल तर त्यानें ही गोष्ट अवश्य ध्यानांत घ्यावी. आम्हीं दोन्ही चाकांच्या बेअरिंगा व ऑइलसील बदललीं आणि नवें ग्रीस भरलें.

मागील दिव्यांची तार नवी घातली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणें ट्रॉलीच्या मागें तांबडे परावर्तक असलेच पाहिजेत. चकाकणारी पट्टी लावावयाची ती मागें तांबडी, पुढें पांढरी व बाजूंस पिंवळी. पट्टी रंग पूर्ण वाळल्यावर, जागा पुसून लावावी. परंतु येथें एक अडचण आहे व ती आमच्या भागांतील बहुतेक उंसाच्या ट्रॉल्यांस लागू आहे. ऊंस भरला म्हणजे त्याचे वाढे फाळक्याच्या बाहेर लोंबतात आणि दिवे, परावर्तक, नंबर सर्व झांकून टाकतात. मागून येणाऱ्या मोटारीस अंधारांत दिसतो तो केवळ एक काळा ढीग, आणि तोहि अगदीं जवळ आल्यावर. यासाठीं आम्हीं दोन फूट लांबीची एक फळी करून तिजवर तांबडी पट्टी चिकटविली व दोन्ही टोकांस दोरी लाविली. भरलेल्या मालाच्या शेवटच्या टोकास ती बांधावयाची. पुतण्यास प्रथम हा खटाटोप वाटला. पहिल्या खेपेस वहिनींनीं स्वतः शेतावर जाऊन ती बांधली. त्यानंतर तो विसरलेला नाहीं.

फाळक्यावर कांहीं लिहावें असा मुलांचा आग्रह होता. पेंटरनें ‘आई-वडिलांचा आशिर्वाद’ असें खडूनें रेखिलें होतें. आम्हीं तेथें उभे राहून ‘शी’ दीर्घ करून घेतला. महामार्गावरील शेंकडों फाळक्यांवर तो ऱ्हस्व आहे. निदान एक तरी शुद्ध असावा!

खर्च असा झाला: पत्रा व वेल्डिंग ३,६०० रुपये; बेअरिंगा, सील व ग्रीस २,९००; प्राइमर, रंग व टर्पेंटाईन ३,१००; ब्रश, पॉलिशपेपर, मुखपट्ट्या ६००; दिवे, तार व चकाकती पट्टी १,३००. एकूण ११,५००. घासण्याची मजुरी यांत नाहीं, कारण ती घरच्यांचीच. टायर जुनेच ठेवले आहेत. ते पुढील वर्षीं बदलावे लागतील, व त्यासाठीं पैसे आतांपासूनच बाजूस टाकावयास आम्हीं बंधूंस सांगितलें आहे.

शेवटचा हात दिल्यावर आठ दिवस ट्रॉलींत कांहींएक भरूं दिलें नाहीं. उरलेला अर्धा लिटर प्राइमर डबा घट्ट बंद करून, झांकणावर महिना व साल लिहून, माळ्यावर ठेवला आहे. पाऊस संपला म्हणजे जेथें ओरखडा दिसेल तेथें तो लावावयाचा.