नऊ वर्षांचा करार, नऊ महिन्यांचा अंदाज

सकाळी ७.३०

ऑफिसातला एसी बंद पडला की मला फोन येत असणार, अशी आमच्या सोसायटीत समजूत आहे. तो फोन फॅसिलिटीच्या माणसाला जातो. माझं काम त्याच्या बरंच आधीचं: कंपनीने जागा कुठे घ्यायची, किती घ्यायची, किती वर्षांसाठी, आणि कधी सोडायची. याला कॉर्पोरेट रिअल इस्टेट म्हणतात. बोलताना नुसतं सीआरई.

चहा घेता घेता तारखांचा तक्ता उघडते. प्रत्येक ऑफिससमोर लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, कधी संपतो, नोटीस कधीपर्यंत द्यायची, भाडेवाढ कधी लागते. पुण्यातल्या हिंजवडीच्या जागेचा करार पुढच्या वर्षी संपतोय. सहा महिन्यांची नोटीस, नवीन जागेत इंटिरियरला चार-पाच महिने, त्याआधी वाटाघाटी आणि करारनामा. म्हणजे निर्णय याच तिमाहीत हवा. तारीख हुकली की आपली शेंडी मालकाच्या हातात.

सकाळी ९.३०

एचआर आणि बिझनेसवाले एकाच टेबलावर. प्रश्न साधा, माणसं किती? बिझनेस हेड म्हणतात सहाशे. एचआर म्हणतं साडेचारशे धरा. दोघंही मनापासून बोलताहेत आणि दोघांचाही अंदाज नऊ महिन्यांपलीकडे जात नाही. मला मात्र नऊ वर्षांच्या करारावर सही घ्यायची आहे. या धंद्यातलं सगळं दुखणं या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

मी बोलत नाही, कार्ड-स्वाइपचा आलेख दाखवते. मंगळवार-बुधवारी खुर्ची मिळत नाही, शुक्रवारी कॅन्टीनमध्ये पोहे उरतात. सरासरी काढून जागा घेतली तर मंगळवारी भांडणं, मंगळवार धरून घेतली तर शुक्रवारी रिकाम्या खुर्च्यांचं भाडं. टीमनी दिवस वाटून घेतले तर सगळ्यात उंच दिवस खाली येतो, आणि ते एचआरच्या हातात आहे, माझ्या नाही. दुसरा नकाशा पिनकोडचा. आमची बरीच माणसं वाकड, पिंपळे सौदागर, कोथरूड आणि सिंहगड रस्त्यावरून येतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला, खराडीत, भाडं परवडलं तरी यातली अनुभवी माणसं वाटेतच गळतील. म्हणून यादीत उरतं बाणेर, नाहीतर आहे तिथेच हिंजवडी.

उठता उठता एचआरमधली मुलगी आठवण करून देते: पाळणाघर. २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनंतर पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ते बंधनकारक आहे. ते तळमजल्याजवळ हवं, म्हणजे जागा निवडतानाच बघायला हवं.

सकाळी ११.३०

बाणेरची इमारत. ब्रोकरने ब्रोशर पुढे केलं, मी टेप काढला. इमारत बघायची म्हणजे लॉबीतला संगमरवर बघायचा नाही. फॉल्स सीलिंगची एक टाइल उचलून बीमखाली किती उंची मिळते ते मोजायचं. डक्ट, स्प्रिंकलर आणि केबल ट्रे गेल्यावर डोक्यावर काय उरतं ते तिथेच कळतं. खांबांमधलं अंतर मोजायचं, कारण त्यावर टेबलांच्या रांगा बसतात. भोगवटा पत्र कुठल्या मजल्यांपर्यंत आहे, अग्निशमन यंत्रणेचा फॉर्म बी भरलाय का (तो जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो), हेही इथेच विचारायचं.

मग हिशोब. इथे भाडं चार्जेबल एरियावर, म्हणजे लॉबी-जिन्यांचा वाटा धरून, लागतं आणि खुर्च्या बसतात कार्पेटवर, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवर. समजा एका इमारतीत दर ८० रुपये आणि कार्पेट ६८ टक्के. दुसरीत दर ८४ रुपये आणि कार्पेट ७६ टक्के. कार्पेटच्या हिशोबाने पहिली पडते सुमारे ११८ रुपये चौरस फूट, दुसरी ११०.५०. स्वस्त दिसणारी महाग निघाली. हे गणित सहावीतलं पोर करेल, पण ब्रोशरवर दर ठळक छापलेला असतो आणि कार्पेट विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

शेवटी तळघरात पॅनेल रूमपाशी थांबले. तिथले इलेक्ट्रिशियन डबा खात होते. म्हटलं, "काका, रात्रपाळी आहे आमची. एसीचं कसं?"

"सातला चिलर बंद, मॅडम. पाहिजे असेल तर आधी मेल टाकायचा. पैशाचं वर विचारा."

वर विचारलं. "ते आपण अ‍ॅडजस्ट करू," असं उत्तर मिळालं. वहीत लिहून ठेवलं.

दुपारी २.००

फायनान्सबरोबर तास. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे लेखामानक लागू झालं आणि आमची बढती झाली, असं मी गमतीने म्हणते. त्याआधी भाडं म्हणजे महिन्याचा खर्च. आता करार केला की त्याचं देणं ताळेबंदावर येऊन बसतं. मुदतवाढीचा पर्याय वापरणं जवळपास नक्की असेल तर ती वर्षंही धरावी लागतात. त्यामुळे पूर्वी फक्त वकील वाचायचे ते कलम आता सीएफओ वाचतात.

मग मुद्रांक शुल्क. महाराष्ट्रात ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला पाव टक्का, त्यापुढे लीजचे दर. नोंदणी दोन्हीकडे हवीच. म्हणून वकील पाच वर्षांचा करार आणि पुढे नूतनीकरण सुचवतात. मालकाला एकगठ्ठा नऊ वर्षं हवी असतात. शुल्क वाचतं, पण नूतनीकरणाचा हक्क कोणाचा आणि भाडं कुठल्या दराने, हे नीट लिहिलं नाही तर पाच वर्षांनी त्याच टेबलावर परत बसावं लागतं.

दुपारी ४.००

हिंजवडीच्या मालकाकडच्या माणसाचा फोन. मेट्रोच्या नावाने ते भाडं वाढवून मागताहेत. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर हा तेवीसेक किलोमीटरचा मार्ग बालेवाडी-बाणेरवरूनही जातो, हे मी शांतपणे सांगते.

त्यांचा खरा जोर दुसरीकडे आहे. आमची इमारत सेझमधली, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातली. डिसेंबर २०२३ च्या नियमांनी आयटी सेझमधल्या इमारतीचा काही भाग, मजल्यानुसार, सेझबाहेर काढता येतो. तेव्हापासून तिथल्या रिकाम्या मजल्यांनाही साधे भाडेकरू मिळायला लागले. पूर्वी रिकाम्या मजल्यांकडे बोट दाखवलं की मालक नरमायचे, आता तितके नरमत नाहीत.

समोर मालक म्हणून रीट, म्हणजे भाड्याच्या इमारतींचा ट्रस्ट, असेल तर तयारी आणखी वेगळी. भारतातला पहिला रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, एप्रिल २०१९ मध्ये बाजारात आला. शेअर बाजारात नोंद असल्याने किती जागा भरली, किती रिकामी, हे ते दर तिमाहीला जाहीर करतात. बोलणी करायला जाण्याआधी तो अहवाल वाचते. पुण्यात मजल्यागणिक वेगळा मालक असलेल्या इमारतीही पुष्कळ. तिथे असा अहवाल नसतो, तिथे वॉचमनशी बोलणं आणि पार्किंग किती भरलंय ते बघणंच उपयोगी पडतं.

संध्याकाळी ६.३०

सेनापती बापट रस्त्यावरच्या हॉटेलात आमच्या धंद्यातल्या लोकांची बैठक. अशा संघटना जुन्या आहेत. कोअरनेट ग्लोबल २००२ साली दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झाली; मोजमाप आणि मूल्यांकनवाल्यांची आरआयसीएस तर १८६८ ची. पण शहरात प्रत्यक्षात दोन बाजू जमतात. एकीकडे आम्ही, जागा वापरणाऱ्या कंपन्या. दुसरीकडे ब्रोकर, फर्निचरवाले, इंटिरियरचे ठेकेदार. ते खूप, आम्ही थोडे. त्यामुळे बॅज बघून माणसं हसतात किंवा पुढे जातात. पहिला अर्धा तास कार्ड गोळा करण्यात जातो आणि तो वायाच जातो.

उपयोगाचं बोलणं भाषणानंतर, सूपच्या टेबलाशी. तिथे भाडं किती हे कोणी विचारत नाही. करारात गोपनीयतेचं कलम असतं, आणि आज मी तुला विचारलं तर उद्या माझंही बाहेर जाणार. विचारायचं ते वेगळं. डिपॉझिट परत मिळायला किती महिने गेले? जागा सोडताना मूळ स्थितीत आणून द्या म्हणाले का, आणि ती मूळ स्थिती ठरवली कोणी? इमारतीची लिफ्ट सोमवारी सकाळी किती वेळ लावते?

एका बँकेच्या प्रिमायसेस विभागातले गृहस्थ भेटतात. बाणेरच्या त्या इमारतीत त्यांचा एक मजला आहे.

"सातनंतरचा एसी?" मी विचारते.

"अहो, तेच तर," ते सूपची वाटी खाली ठेवतात. "तासाला दर, तोही अख्ख्या मजल्याचा. कोपऱ्यात दहा माणसं बसली तरी. आणि दर करारात नाही, दरवर्षी पत्र येतं. सही करायच्या आधी लिहून घ्या."

ही माहिती त्यांनी मला फुकट दिली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना नागपुरात चांगला प्रोजेक्ट मॅनेजर हवा होता, तो मी सुचवला होता. इथे देवाणघेवाण अशीच चालते, लगेच फेडायची नसते, पण विसरायचीही नसते. जाता जाता एका स्टार्टअपमधला मुलगा गाठतो. अ‍ॅडमिन, एचआर, जागा, सगळं एकटाच बघतो. लॉक-इन दोघांना सारखाच लागू, असं त्याच्या जागामालकाने त्याला सांगितलंय. मी त्याला सांगते, अरे, मालकाने पूर्ण मुदत बांधून घ्यावी आणि आपण तीन वर्षं, असं मागता येतं. नाही म्हणतील, मग बोलणी सुरू होतील. तो लिहून घेतो. आणखी काही वर्षांनी एखाद्या इमारतीबद्दल मी त्याला विचारेन.

रात्री ९.३०

घरून सीएफओंना चिठ्ठी. बाणेर. तीन नाही, दोन मजले. तिसऱ्यावर आमचा पहिला हक्क, अठरा महिने, दर आत्ताच ठरवून. लॉक-इन आम्हाला तीन वर्षं, मालकाला पूर्ण मुदत. कार्पेट दोघांनी मिळून मोजायचा आणि नकाशा करारनाम्याला जोडायचा. सातनंतरच्या एसीचा दर मजल्याच्या चतुर्थांश भागापासून, नूतनीकरणासकट पूर्ण काळासाठी लिहून. पाळणाघर पहिल्या मजल्यावर.

दहा मिनिटांत उत्तर येतं: "हेडकाउंट पक्का झाला का?"

मी लिहिते: "नाही सर. म्हणूनच तिसरा मजला फक्त हक्कात ठेवलाय."