दगडांची भाषा, भाग ७ : आधी लोखंड, मग मँगनीज

बोअरचे पाणी बादलीत काढले की नितळ दिसते. रात्रभर ठेवले की तळाशी तांबूस गाळ बसतो, तो लोखंडाचा. काही गावांत मात्र नळाच्या तोटीला काळपट थर धरतो, पांढऱ्या कपड्यांवर काळे डाग पडतात. ही करामत मँगनीजची. छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट असा पसरलेला खाणींचा पट्टा मागच्या आठवड्यात पाहिला. तिथले काळे, हाताला जड लागणारे खनिज साठले कसे, हे या बादलीतच कळते.

जमिनीखालच्या पाण्यात बऱ्याचदा प्राणवायू नसतो. तिथे मँगनीजच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि तो पाण्यात विरघळून राहतो. हवा लागली, आणखी दोन इलेक्ट्रॉन गेले, की काळे ऑक्साइड होऊन तो खाली बसतो. लोखंडाचीही गोष्ट हीच, पण लोखंड उतावळे. जरासा प्राणवायू मिळाला की गंजलेच. मँगनीजला प्राणवायूही जास्त लागतो आणि वेळही.

सगळी गोम या उशिरात आहे. भूकवचात मँगनीज जेमतेम ०.१ टक्का, लोखंड त्याच्या सुमारे ५० पट. चांगल्या खनिजात मात्र मँगनीज ४० टक्क्यांच्या वर! प्राणवायू नसलेले खोल समुद्राचे पाणी उथळ भागाकडे चढते तेव्हा लोखंड वाटेतच गळते, मँगनीज पुढे जाऊन बसते. काळ्या समुद्राच्या खोल पाण्यात आजही असे विरघळलेले मँगनीज आहे.

म्हणून प्रयोगशाळेत नमुना आला की आधी मँगनीज आणि लोखंडाचे प्रमाण पाहतात. मग कोबाल्ट, निकेल, तांबे; त्यांवरून खनिज कुठे, कसे साठले याचा अंदाज येतो. समुद्रतळावरचे मँगनीजचे गोटे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. हे धातू टिपायला त्यांना निवांत वेळ असतो. उष्ण झऱ्यांपाशी भराभर साठलेल्या थरांत ते कमी. माझा आवडता साक्षीदार सेरियम, दुर्मिळ मृदा धातूंपैकी एक. प्राणवायू भरपूर असला की तो आपल्या भावंडांपासून फुटून मँगनीजला चिकटतो. त्या गोट्यांत तो जास्त सापडतो, झऱ्यांजवळच्या थरांत सहसा कमी.

आपल्याकडचे थर मात्र साठले तसे राहिले नाहीत. ते खोल गाडले गेले, भाजले गेले, ऑक्साइडांतून ब्राउनाइट हे मँगनीजचे खनिज घडले. जिथे मँगनीजमध्ये वाळू आणि चिखल मिसळला होता तिथे गार्नेट तयार झाले. भूवैज्ञानिक लुईस ली फर्मर यांनी १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला. या गार्नेट-क्वार्ट्झच्या खडकाला ‘गोंडाइट’ हे नाव त्यांचेच, इथल्या गोंडांवरून दिलेले.

गोंडाइटचा ताजा तुकडा भिंगाखाली धरा. बारीक नारिंगी दाणे दिसतात, काळेपणा कुठेच नाही. त्या गार्नेटमध्ये मँगनीज पुन्हा दोनच इलेक्ट्रॉन गमावलेले असते, बोअरच्या ताज्या पाण्यात असते तसे.