पडलेल्या झाडातून प्राणिशिल्प : साखळी-करवतीचे काम

पावसाळ्यात जोराचा वारा सुटला म्हणजे मुंबईतील गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांत एखादे जुने झाड रस्त्यावर आडवे होते. अग्निशामक दलाचे जवान आणि महानगरपालिकेच्या उद्यान खात्याचे कामगार येतात, साखळी-करवतीने खोडाचे तुकडे करतात आणि रस्ता मोकळा होतो. हीच करवत आता खेड्यांतही पोहोचली आहे. बांधावरचा आंबा उन्मळून पडला, तर ज्या खोडासाठी दोन माणसांना आरीने दिवसभर खपावे लागे, ते तास-दोन तासांत तुटते. परंतु शहरात काय आणि खेड्यात काय, त्या खोडाची गती बहुधा सरपणाचीच होते. त्याच खोडातून, त्याच करवतीने बैल, हत्ती, घुबड, कासव अशी प्राणिशिल्पे कोरता येतात आणि मातीमोल जाणाऱ्या लाकडाला मोल येते. मात्र हे यंत्र जितके उपयोगी तितकेच घातक आहे. म्हणून या कामाची रीत आणि त्यातील धोका या दोहोंची माहिती येथे देत आहोत.

यंत्राचा उगम

जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. पुढे पेट्रोलवर चालणारी यंत्रे आली. पण साखळीचे दाते लवकर बोथट होत. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील लाकूडतोडे जोसेफ कॉक्स यांनी एका बुंध्यात लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती आपल्या दोन जबड्यांनी डावी-उजवीकडे कुरतडत, रेषा उभी असो वा आडवी, लाकूड सारख्याच सहजतेने खात होती. त्या जबड्यांच्या नमुन्यावर त्यांनी डावे व उजवे दाते आळीपाळीने बसविलेली साखळी बनविली आणि १९४७ साली तिचा कारखाना काढला. शेतकरी ज्या किडीला शत्रू मानतो, तिच्याकडून माणसाने घेतलेला हा धडा आहे.

पुढे उत्तर अमेरिकेत याच करवतीने शिल्पे कोरण्याची कला वाढीस लागली. कॅनडातील होप नावाच्या लहानशा गावी उद्यानातील एक झाड मुळे कुजल्यामुळे तोडणे भाग होते. त्याच्या उभ्या खोडातून नख्यांत मासा धरलेला गरुड कोरण्यात आला. आज ते गाव अशा शिल्पांसाठी प्रसिद्ध आहे.

आधी माती, मग लाकूड

लालबाग-परळच्या कार्यशाळांत गणेशमूर्ती घडविताना पाहिल्यास एक गोष्ट ध्यानी येते. शाडूच्या कामात उंदराची पाठ बसकी वाटली तर कारागीर आणखी माती चढवितो. लाकडाच्या कामात ही सोय नाही. एकदा गेलेला तुकडा परत येत नाही. यासाठी करवत हाती घेण्यापूर्वी प्राण्याचा वीतभर उंचीचा मातीचा नमुना करावा आणि तो चारही बाजूंनी न्याहाळावा. बेंदूर-पोळ्याला मातीचे बैल करणारा गावचा कुंभार या कामी सुताराचा उत्तम गुरू होऊ शकेल.

लाकडाची निवड

दादर-माटुंग्याच्या रस्त्यांवर जो मोठा, छत्रीसारखा पसरलेला पर्जन्यवृक्ष, म्हणजे विलायती शिरीष, दिसतो, त्याचे लाकूड कोरीवकामास चांगले. ते सुकताना फारच थोडे आकसते व म्हणून सहसा तडकत नाही. थायलंडच्या उत्तर भागात याच लाकडाचे हत्ती कोरतात. आंब्याचे लाकूड मऊ व कोरण्यास सोपे. परंतु त्याला कीड व बुरशी लवकर लागते. फणस व कडुनिंब टिकाऊ आहेत. बाभूळ फार कठीण असल्याने शिकाऊ माणसाने तिच्या वाटेस जाऊ नये.

रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे व दिव्यांच्या माळांचे खिळे, तर बांधावरच्या झाडात कुंपणाची तार लाकडाआड दडलेली असते. दाता लोखंडावर आदळला तर साखळी बिघडते, कधी तुटते. सालीवरील काळसर डाग व गाठी तपासूनच खोड घ्यावे.

शिल्पासाठी जिवंत झाड तोडू नये. शहरांत १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमाप्रमाणे, तर ग्रामीण भागात १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाप्रमाणे परवानगीचे नियम आहेत. पडलेले झाडही मालकास वा संबंधित कार्यालयास विचारूनच उचलावे.

उलटा झटका

या करवतीची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने धावते. पट्टीच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला टेकला, तर दाते अडकून संपूर्ण यंत्र क्षणार्धात वर व मागे, चालविणाऱ्याच्या मानेकडे व चेहऱ्याकडे उसळते. डोळ्याची पापणी लवण्याआधी हे घडते. ते हाताच्या बळावर रोखता येत नाही. कोरीवकामात तर टोकाचाच उपयोग अधिक, म्हणून धोकाही अधिक. अनुभवी कारागीर यासाठी निमुळत्या टोकाची निराळी पट्टी वापरतात; तिचा झटका बराच कमी असतो. साध्या पट्टीच्या टोकाने कोरण्याचा प्रयत्न करू नये.

पुढील नियम कटाक्षाने पाळावेत :

(१) शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, कानांवर आच्छादन, पायांत जाड बूट आणि साखळी अडवणाऱ्या धाग्यांची विजार असावी. धोतर, लुंगी, उपरणे, सैल बाही किंवा अनवाणी पाय नकोत.

(२) यंत्र दोन्ही हातांनी धरावे. डाव्या हाताचा अंगठा पुढील मुठीखालून वळवावा. पट्टीच्या रेषेत डोके ठेवू नये.

(३) खांद्याच्या वर करवत नेऊ नये. शिडीवर वा झाडावर उभे राहून कोरू नये.

(४) काम सुरू करण्यापूर्वी साखळीचा ब्रेक तपासावा. इंजिन निवल्यावरच इंधन भरावे.

(५) मुलांना व बघ्यांना निदान १५ फूट दूर ठेवावे. पण एकट्यानेही काम करू नये. हाकेच्या अंतरावर एक जाणता माणूस असावा.

बसलेला बैल : कामाचा क्रम

पहिल्या शिल्पासाठी आकार आटोपशीर निवडावा. बसलेल्या बैलाचे पाय अंगाशी मिटलेले व शेपूट मांडीला चिकटलेली असते, म्हणून ते काम सोपे.

प्रथम ओंडका आडवा ठेवून दोन्ही बाजूंनी पाचरी लावाव्यात. तो तसूभरही हलता कामा नये. साल काढून बाजूने व वरून बैलाची आकृती खडूने काढावी. लाकडाच्या रेषा बैलाच्या पाठीच्या दिशेने याव्यात. पहिल्या फेरीत करवतीने मानेपुढचा, पाठीवरचा व पोटाखालचा मोठा भाग सरळ कापांनी काढावा आणि रेघेबाहेर बोटभर लाकूड राखावे. दुसऱ्या फेरीत वशिंड, खांदा, मांडी यांना गोलाई द्यावी. प्रत्येक चार-पाच कापांनंतर यंत्र बंद करून दहा पावले मागे जाऊन पाहावे. करवतीचे काम येथे संपते. डोळे, नाकपुड्या, खूर व गळ्याची पोळी ही कामे पटाशी, हातोडी व कानसीनेच करावीत.

शिंगे एकाच ओंडक्यातून काढण्याचा मोह टाळावा. तेथे लाकडाच्या रेषा आडव्या येतात व शिंग थोड्या धक्क्यानेही मोडते. ती सरळ रेषेच्या फांदीतून वेगळी करून खोबणीत बसवावीत.

सुकविणे व राखणे

लाकूड परिघाच्या दिशेने अधिक व गाभ्याच्या दिशेने कमी आकसते. म्हणून गाभ्यापासून बाहेरपर्यंत चिरा पडतात. खोड मिळताच त्याच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावावा. ते सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावे. शिल्पाच्या तळातून गाभ्यापर्यंत एक काप मुद्दाम घेतला, तर ताण तेथे मोकळा होतो व तोंडावर चीर येण्याची भीती कमी होते.

शिल्प पुरते सुकल्यावर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये; तो आपोआप पेट घेतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकाव्यात. शिल्प जमिनीत न पुरता दगडी चौथऱ्यावर ठेवावे, म्हणजे वाळवी लागली तर लगेच दिसते.

उचलताना सावध

भायखळ्यास राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर, घारापुरीचा पाषाणाचा हत्ती उभा आहे. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत यारी मोडली आणि शेकडो वर्षे उन्हापावसात टिकलेल्या त्या शिल्पाचे तुकडे झाले. १९१४ साली ते पुन्हा जोडण्यात आले. दोन फूट व्यासाचा व तीन फूट लांबीचा ओला ओंडकाही २०० किलोच्या आसपास भरतो. तो दोरावर किंवा दोघांच्या खांद्यावर न तोलता लाकडी रुळांवरून सरकवावा.

ग्रामसेवकांस सूचना

गावात साखळी-करवत कोणाकोणाकडे आहे याची नोंद करावी आणि त्यांना उलटा झटका म्हणजे काय हे बंद यंत्रावर दाखवावे. गावचा सुतार, कुंभार व करवतीचा मालक या तिघांना एकत्र आणल्यास एकाची नजर, दुसऱ्याची पटाशी व तिसऱ्याचे यंत्र यांचा मेळ बसेल. पहिला बैल शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात ठेवावा. पुढल्या पावसाळ्यात झाड पडेल, तेव्हा त्याचे सरपण करण्यापूर्वी लोक त्या बैलाकडे एकदा पाहतील. आणि करवत हाती घेणारा पायांत बूट घालून येईल, तर या माहितीचा अर्धा हेतू तेथेच सफल झाला असे समजावे.